तीन पांडुरंगांचा एक फलक: आमच्या नगरपरिषदेला खुले पत्र

प्रति,
माननीय नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक, नगरसेविका आणि मुख्याधिकारी यांस,

विषय: बंदर रस्त्यावरच्या ‘कोकणरत्न’ भिंतीवरील चुकीचे फलक

सप्रेम नमस्कार.

नारळी पौर्णिमेला आठवडा होता. होड्या अजून किनाऱ्यावर झावळ्यांखाली शाकारलेल्या होत्या. माझ्याकडे संध्याकाळी शिकवणीला येणाऱ्या सातवीतल्या एका मुलीच्या वहीत मी वाक्य वाचलं: साने गुरुजींना १९६३ साली भारतरत्न मिळालं. मी लाल पेनाने खाली रेघ ओढली आणि समासात ‘चूक’ असं लिहिलं. ही मुलगी सहसा उलट बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, “बाई, चूक नाहीये. बंदरावर भिंतीवर लिहिलंय. तुम्ही चला बघायला.”

पाऊस थांबला होता म्हणून आम्ही दोघी गेलो. जेटीकडे वळताना डाव्या हाताला आपण गेल्या वर्षी बांधलेली ती जांभ्याची लांब भिंत आहे. तिच्यात काळ्या ग्रॅनाइटचे बारा फलक बसवले आहेत. तिसऱ्या फलकापाशी मुलगी थांबली आणि ओल्या दगडावर तिने बोट ठेवलं. सगळ्यात वर मोठ्या सोनेरी अक्षरांत ‘भारतरत्न पांडुरंग (साने गुरुजी)’. त्याखाली जन्म, पालगड, १८९९. मग ‘श्यामची आई’. मग धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड. मग भारतरत्न, १९६३. मग मृत्यू, १९७२. आणि अगदी तळाशी, दगडाच्या कडेला टेकलेल्या ओळीत, स्वाध्याय कार्य आणि १९९६ सालचा मॅगसेसे पुरस्कार. १९७२ साली गेलेल्या माणसाला १९९६ साली पुरस्कार मिळाला, असं आपण दगडावर कोरून ठेवलं आहे.

मुलीने बोट उचललं तेव्हा बोटाच्या टोकाला सोनेरी रंग लागला होता. खाऱ्या वाऱ्याने तो आत्ताच सुटायला लागला आहे. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला काय सांगावं ते मला सुचेना. शेवटी म्हटलं, “दगडावर चुकलंय गं.” तिने विचारलं, “मग कोरायच्या आधी कुणी वाचलं नाही का?”

हा प्रश्न मला नव्हे, आपल्याला विचारायचा आहे, म्हणून हे पत्र.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमधून शिकवलं. आता निवृत्त आहे. नगरपरिषदेवर माझा राग नाही. भिंत बांधायची कल्पना निघाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. कोकणातली किती माणसं मुंबई-पुण्यात नावारूपाला आली आणि इथल्या मुलांना त्यांचं गावसुद्धा ठाऊक नाही, हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहिलं आहे. येता-जाता मुलांनी ती नावं वाचावीत यासारखं दुसरं काही नाही. म्हणूनच या चुकीची टोचणी जास्त आहे.

घरी येऊन दुसऱ्या दिवशी मी साधा अर्ज दिला. उत्तर आलं नाही. मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात अर्ज केला. त्याचं उत्तर महिन्याच्या आत आलं, त्याबद्दल संबंधित कर्मचाऱ्यांचे आभार मानते. पण उत्तराचा आशय असा, की भिंतीवर बाराच फलकांची जागा होती, सारख्या नावाच्या व्यक्ती निरनिराळ्या लावल्या तर लोकांचा गोंधळ होईल, म्हणून समान नावांचं ‘एकत्रीकरण’ करण्याचा निर्णय बैठकीत झाला. म्हणजे ही हातून झालेली चूक नाही. हा ठराव आहे. चूक असती तर मी दुरुस्तीचा अर्ज करून गप्प बसले असते. ठरावाला उत्तर द्यावं लागतं, आणि तेही सगळ्यांसमोर.

माझ्या माहितीप्रमाणे या एका फलकात आपण जी तीन माणसं घातली आहेत ती अशी.

पहिले पांडुरंग वामन काणे. जन्म ७ मे १८८०, चिपळूणजवळच्या परशुरामचा. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करता करता त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास इंग्रजीत लिहिला. पहिला खंड १९३० साली आला आणि शेवटचा १९६२ साली. पाच खंड, साडेसहा हजारांहून जास्त पानं, आणि मध्ये बत्तीस वर्षं. संगणक नाही, हाताखाली फौज नाही. जुन्या पोथ्या, स्मृती, निबंधग्रंथ स्वतः वाचायचे, टिपायचे, ताडून बघायचे. शेवटचा खंड आला तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. १९४७ ते १९४९ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारतरत्न १९६३ साली मिळालं ते यांना. १९७२ साली गेले तेही हेच.

दुसरे पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९, दापोली तालुक्यातलं पालगड. आई यशोदा. वडील खोत घराण्यातले, पण पुढे घर गरिबीत गेलं. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात सहा वर्षं शिक्षक होते आणि १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, ती लिहून घेणारे साने गुरुजी. हे विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. कोकणातली ही दोन माणसं खानदेशातल्या तुरुंगात समोरासमोर बसली, एक बोलत होता आणि एक लिहीत होता, म्हणून आज आपल्या घरात ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आहे. ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून झालं. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले. त्यांना भारतरत्न मिळालेलं नाही. त्यांना ते चिकटवल्याने त्यांचा मान वाढत नाही, आणि ज्यांचं ते आहे त्यांचं हिरावलं जातं.

तिसरे पांडुरंगशास्त्री आठवले, ज्यांना लोक दादा म्हणतात. जन्म १९ ऑक्टोबर १९२०, रोह्याचा. मुंबईच्या माधवबागेतल्या पाठशाळेतून त्यांचं स्वाध्यायाचं काम सुरू झालं. आपल्या बंदरावर उभं राहून तर त्यांच्याबद्दल लिहायलाच हवं होतं, कारण कोळ्यांच्या ‘मत्स्यगंधा’ होड्या ही त्यांची कल्पना. गावाने मिळून होडी घ्यायची, पाळीपाळीने एकेक दिवस तिच्यावर कामाला जायचं, आणि मिळेल ते उत्पन्न कुणा एकाचं नाही असं समजून गरजवंताला द्यायचं. मॅगसेसे पुरस्कार १९९६ चा, टेंपल्टन पुरस्कार १९९७ चा. ते २००३ साली गेले. हे सगळं सोडून आपण त्यांना कुणाच्या तरी फलकाच्या तळाशी एक ओळ दिली, आणि त्या ओळीवर त्यांचं आडनावही नाही.

आता एक विनंती करते. आपण १९४७ हे एकच वर्ष डोळ्यांसमोर आणा. त्या वर्षी १ मे ते १० मे साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले होते. विठ्ठलाच्या देवळात हरिजनांना प्रवेश मिळावा म्हणून आधी महाराष्ट्रभर हिंडले आणि मग प्राण पणाला लावून बसले. पांडुरंगाच्या दारात पांडुरंग उपाशी बसला, आणि दार उघडलं. त्याच वर्षी काणे मुंबईत कुलगुरू झाले आणि घरी त्यांचं धर्मशास्त्राचं काम चालूच होतं. त्याच वर्षी सत्तावीस वर्षांचे आठवले माधवबागेत गीता सांगत होते. एक देवळाच्या दाराशी, एक ग्रंथांच्या ढिगाऱ्यात, एक पाठशाळेत. धर्म हा एकच विषय तिघांपुढे होता आणि तिघांनी तीन वेगळ्या वाटांनी त्याला हात घातला. मला वर्गात हे शिकवता आलं असतं तर मी दोन तास घेतले असते. आपल्या फलकाने ते अशक्य केलं, कारण त्यात तीन माणसं राहिलीच नाहीत.

यातले काणे आणि साने दापोलीच्या मिशन शाळेत शिकले, काणे आधी आणि साने जवळपास वीस वर्षांनी. एकाच शाळेच्या हजेरीपटावर ही दोन नावं होऊन गेली. त्या शाळेतल्या मास्तरांना दोन्ही पांडुरंग वेगवेगळे कळले असतील, एवढी माझी खात्री आहे.

लोकांचा गोंधळ होईल, असं आपण म्हणता. त्यावर मला माझ्या घरातलं सांगायचं आहे.

माझे वडील पोस्टमन होते. चार वाड्या आणि दोन आळ्या एवढं त्यांचं बीट. त्या बीटात सात पांडुरंग होते. वारीच्या वाटेने हे नाव आपल्याकडे घराघरांत आलं आहे, आणि आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे ते फिरून फिरून येतं. चाकरमानी मुंबईहून पैसे पाठवायचे तेव्हा मनिऑर्डरच्या फॉर्मवर घाईत नुसतं ‘पांडुरंग’ आणि गावाचं नाव लिहायचे. वडिलांच्या खिशात एक लहान वही असे, तिची कडा घामाने गोलावलेली. त्यात त्यांनी लिहून ठेवलं होतं: पांडुरंग विहिरीवरचे, मुलगा परळला. पांडुरंग होडीवाले, जावई भायखळ्याला. पांडुरंग शिंपी. पांडुरंग वरच्या वाडीचे, कानाने कमी. अशी सात. ही वही आजही माझ्याकडे आहे.

एकदा त्यांच्या हातून चूक झाली. चाळीस रुपयांची मनिऑर्डर होडीवाल्यांच्या पांडुरंगांना दिली गेली आणि ती होती विहिरीवरच्यांची. संध्याकाळी हिशेब लिहिताना वडिलांच्या लक्षात आलं. आषाढातली रात्र, पाऊस कोसळत होता. आई म्हणाली, उद्या जा. ते थांबले नाहीत. बॅटरी घेतली, इरलं घेतलं, साकवावरून पलीकडच्या वाडीत गेले, होडीवाल्यांना उठवलं, पैसे परत घेतले आणि विहिरीवर नेऊन दिले. त्या घरात दुसऱ्या दिवशी चूल त्या चाळीस रुपयांवर पेटायची होती. परत आले तेव्हा मी जागी होते. ते पडवीत बसून पायाला चिकटलेली जळू मीठ लावून काढत होते. माणूस रात्रीचा साकव ओलांडतो तो अशासाठी, की दोन माणसांचं नाव एक असलं तरी त्यांचं देणं एक नसतं, हे मला तेव्हा शब्दांत कळलं नाही, पण कळलं.

तेव्हा, मान्यवरहो, गावाचा गोंधळ कधीच नव्हता. गावाकडे प्रत्येक पांडुरंग ओळखायची रीत आहे. बापाचं नाव मध्ये घालायचं, आडनाव लावायचं, त्यानेही भागलं नाही तर वाडी सांगायची. बापाचं नावसुद्धा पुरत नाही, हेही खरं. पांडुरंग सदाशिव एवढंच म्हटलं तर दोन थोर माणसं उभी राहतात, एक आपले साने आणि दुसरे वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे, जे गदर चळवळीत होते आणि पुढे मेक्सिकोत शेतीचे शास्त्रज्ञ म्हणून नावाजले. विनायक दामोदर म्हटलं तर एक सावरकर, आणि दुसरे कोल्हापूरचे विनायक दामोदर कर्नाटकी, म्हणजे सिनेमातले मास्टर विनायक. सेनापती बापटही पांडुरंगच, पांडुरंग महादेव, जन्म १८८० चा, म्हणजे काण्यांच्याच वर्षीचा. ते पारनेरचे, म्हणून आपल्या भिंतीवर नाहीत. आपल्या बैठकीत कुणाला ते आठवले असते तर तेही याच दगडात गेले असते, अशी मला भीती वाटते.

ही भीती उगाच नाही. भिंतीवरचे बाकीचे फलक मी त्यानंतर चार दिवस रोज जाऊन वाचले, वही घेऊन. माझ्या तक्रारी इथेच संपत नाहीत.

पाचव्या फलकावर लोकमान्य टिळक आहेत. रत्नागिरीत १८५६ साली जन्मले, ते हवेतच. पण रेव्हरंड नारायण वामन टिळक भिंतीवर नाहीत, आणि आपल्या उत्तरात कारण दिलं आहे ते ‘टिळक घेतलेले आहेत’ असं. नारायण वामन टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१. मराठी कवितेत फुलं-मुलं आणली, ख्रिस्ती झाले, आणि मराठी चर्चमध्ये आजही त्यांची भजनं गायली जातात. लोकमान्य आणि रेव्हरंड एका काळातले, एका जिल्ह्यातले, एका आडनावाचे, आणि दोघांची आयुष्यं दोन दिशांना गेली. एका टिळकांनी दुसऱ्यांची जागा भरून निघते असं मानायचं, तर मग आपण या दोघांपैकी कुणालाच ओळखत नाही. आपल्या किनाऱ्यावर ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्या मुलांनाही त्या भिंतीवर आपलं माणूस दिसायला हवं होतं.

सातवा फलक केशवसुतांचा. मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले, जन्म १८६६, मृत्यू १९०५. त्यांच्या नावापुढे आपण ‘प्रभात फिल्म कंपनीचे एक संस्थापक’ असं लिहिलं आहे. ते विष्णुपंत दामले, पेणचे, जन्म १८९२ चा. ‘संत तुकाराम’ हा प्रभातचा सिनेमा १९३६ चा, तेव्हा केशवसुतांना जाऊन एकतीस वर्षं झाली होती. दोन्ही दामले कोकणचे, दोघांचाही अभिमान वाटावा असं काम. ज्या कवीने मराठी कवितेला नवं वळण दिलं त्याच्या माथी सिनेमा मारायची, आणि ज्याने तो सिनेमा काढला त्याचं नावच गाळायचं, यात मान कुणाचा झाला? केशवसुतांचे भाऊ मोरो केशव दामले यांनी १९११ साली मराठीचं शास्त्रीय व्याकरण लिहिलं, ते तर आपल्या यादीतही नव्हते. त्यांचा फलक हवाच असा माझा हट्ट नाही, पण निदान एका ओळीत ते यायला हवे होते.

नवव्या फलकावर कर्वे. महर्षी धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरुडचे, १९५८ सालचे भारतरत्न. ही माहिती बरोबर आहे. पण खाली ‘संततिनियमनाचे प्रवर्तक’ असंही जोडलं आहे. ते त्यांचे चिरंजीव, रघुनाथ धोंडो कर्वे. त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ पासून मरेपर्यंत चालवलं, खटले सोसले, नोकरी गमावली, आणि ही सगळी झीज स्वतःच्या नावावर घेतली. मुलाने भोगलेलं आपण बापाच्या खात्यावर टाकलं आहे. अण्णांनाही, म्हणजे महर्षींनाही, ते आवडलं नसतं.

तेंडुलकरांचं तेवढं आपण बरोबर केलं, सचिन आणि विजय निरनिराळे लावले. त्यासाठी धन्यवाद. म्हणजे हे करता येतं. क्रिकेटर आणि नाटककार एक नाहीत हे जसं बैठकीत सगळ्यांना सहज कळलं, तसंच वकील आणि शिक्षक एक नाहीत हेही कळायला हवं होतं. कदाचित ज्यांना आपण टीव्हीवर पाहिलं त्यांची आपल्याला ओळख वाटते आणि बाकीच्यांची नाही. पण भिंत त्यांच्यासाठीच तर बांधली ना, ज्यांना टीव्हीवर कुणी पाहिलं नाही?

आणखी एक गोष्ट, जी माझ्या दृष्टीने सगळ्यात वाईट आहे. भिंतीवरचाच मजकूर छापून आपण एक छोटी पुस्तिका शाळांमधून फुकट वाटली. भिंत बंदरावर आहे, ती वाचायला माणसाला तिथवर जावं लागतं. पुस्तिका दप्तरात जाते. मुलं त्यावरून भाषणं पाठ करतात. माझ्या शिकवणीतल्या त्या मुलीने वक्तृत्व स्पर्धेसाठी जे पाठ केलं होतं ते मी तिच्याकडून म्हणवून घेतलं. तिने हात मागे बांधून, न अडखळता, तीन माणसांचं एक आयुष्य मला म्हणून दाखवलं. आवाज खणखणीत होता. मी तिला मध्ये थांबवू शकले नाही. पुरं झाल्यावर आम्ही दोघींनी बसून ते भाषण खोडलं आणि पुन्हा लिहिलं, आणि पहिल्यांदाच ती म्हणाली की आता यातलं कळतंय.

खर्चाचं कारण पुढे येईल, म्हणून आधीच बोलते. ग्रॅनाइट महाग आहे, मला कल्पना आहे. पण दुरुस्तीला ग्रॅनाइटच पाहिजे असं नाही. आपल्याकडे जांभ्यावर सिमेंटची पाटी करून ऑइलपेंटने लिहिणारे कारागीर आहेत. होड्यांवर नावं रंगवतात ना, तेच. खाऱ्या वाऱ्यात त्यांची अक्षरं या सोनेरी रंगापेक्षा जास्त टिकतात, आणि ती दर दोन वर्षांनी पुन्हा गिरवता येतात. माणूस बदलला नाही, पण मजकुरात नवी माहिती आली, तर पाटी बदलायलाही सोपी.

माझ्या मागण्या अशा आहेत.

सगळ्यात आधी, तिसरा, सातवा आणि नववा हे फलक आजच झाकावेत. चुकीचं वाचण्यापेक्षा काही दिवस तिथे कापड दिसलेलं बरं.

पांडुरंग वामन काणे, पांडुरंग सदाशिव साने आणि पांडुरंगशास्त्री आठवले यांचे तीन स्वतंत्र फलक व्हावेत, प्रत्येकाच्या फलकावर स्वतःचं पूर्ण नाव, लोक ज्या नावाने ओळखतात ते नाव, जन्मगाव, जन्म-मृत्यूची वर्षं आणि काम. बाकी विशेषणं नसली तरी चालतील. विष्णुपंत दामले, रघुनाथ कर्वे आणि रेव्हरंड टिळक यांनाही आपापली जागा मिळावी. बाराच कोनाडे आहेत, पण त्यापुढे जेटीपर्यंत भिंत कोरी आहे, मी पावलं मोजली आहेत, अजून दहा पाट्या सहज बसतील.

समान नावांच्या एकत्रीकरणाचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत रद्द करावा. हा ठराव कागदावर राहिला तर उद्या रस्त्यांना, चौकांना, वाचनालयांना नावं देतानाही तो पुढे केला जाईल.

शाळांमध्ये वाटलेली पुस्तिका परत घ्यावी, आणि ती घेता येत नसेल तर प्रत्येक शाळेत शुद्धिपत्र पाठवून ते वर्गात वाचून दाखवायला सांगावं. शिक्षकांना त्यासाठी पंधरा मिनिटं लागतील.

आणि यापुढे कोणताही मजकूर कोरण्याआधी, छापण्याआधी, त्याचा कच्चा मसुदा नगरपरिषदेच्या आणि वाचनालयाच्या सूचनाफलकावर पंधरा दिवस लावावा. आपल्या गावात वाचणारी माणसं आहेत. कुणी निवृत्त पोस्टमास्तर असेल, कुणी वारीला जाणारं असेल, कुणी स्वाध्यायी असेल, कुणी दहावीतलं पोर असेल. ते एक पैसा न घेता चूक दाखवतील. नवे मजकूर लिहून द्यायची माझी तयारी आहे, वाचनालयात बसून, पुस्तकं समोर ठेवून. माझ्यावरही दुसऱ्या कुणी तपासणारं असावं, ही माझी अट आहे.

२४ डिसेंबर हा साने गुरुजींचा जन्मदिवस. त्या दिवशी सकाळी दहा वाजता मी माझ्या शिकवणीतल्या मुलांना घेऊन बंदर रस्त्यावर येणार आहे. घोषणा नाहीत, मोर्चा नाही. मुलं तिन्ही पांडुरंगांवर आपण लिहिलेली तीन वेगवेगळी भाषणं म्हणतील, भिंतीसमोर उभं राहून. वडिलांची ती वही मी बरोबर आणीन, कुणाला बघायची असेल तर. आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी यावं. तोवर नवी पाटी लागली असेल तर मुलं ती वाचतील. लागली नसेल तर कापडासमोर उभी राहून बोलतील.

आपली,
खालच्या आळीतली एक निवृत्त शिक्षिका